वाटा

अमावास्येचं उधाण ओसरलं तशी
सुंदराबाय वैती मार्व्याच्या चिखलात उतरली.
तिसऱ्या ती डोळ्यांनी शोधत नाही, अंगठ्याने शोधते.
पायाखाली कडक काही लागलं की वाकते.
मी काठावर, मांडीवर बर्फाचा डबा.
"अजून किती खानार गो तुमची मशीन?"

वीस हव्यात. दहा नर, दहा माद्या.
"बाहेरून कलत नाय," ती म्हणते.
बरोबर आहे. कोयतीने फोडायच्या,
एक थेंब काचेवर घ्यायचा,
अंडी की शुक्राणू, तेव्हा कळतं.
मग प्रत्येकीतून तांदळाच्या कणीएवढं मांस.
बाकीचं स्पिरिटात.

पेशीच्या चुलीत एक कडं असतं,
सोळा-सतरा हजार अक्षरांचं.
कुठूनही वाचायला घ्या, फिरून तिथेच येता.
जीन साधारण सदतीस. माणसात तेवढेच, बांगड्यात तेवढेच,
आणि बांगडा त्यांचा क्रम सहसा मोडत नाही.
शिंपल्यांचं तसं नाही.
दहा बाय बाराच्या खोलीत नवी सून आली की
कपाट खिडकीशी, पलंग दाराशी, देव फ्रिजवर,
तसं यांनी कोट्यवधी वर्षं सामान हलवलंय.
एक छोटा जीन तर हरवला, असं जुन्या पेपरांत छापलं होतं.
मग कुणीतरी नीट पाहिलं. होता तिथेच,
इतका बदललेला, की हाकेला ओ देईना.

मार्चमध्ये नरांचं वाचन आलं.
एकाच जागी दोन शिखरं,
ए आणि जी एकमेकांच्या खांद्यावर,
आणि पुढे पानभर तसंच.
कोरगावकर सर म्हणाले, "हात धू. पुन्हा कर."
हात धुतले. टिपा बदलल्या. नवा किट फोडला.
पुन्हा दोन.
तिसऱ्यांदाही दोन.

हे कडं आईचंच, अकरावीपासून पाठ.
बापाचं अंड्यात शिरतं आणि विरतं.
पण काही शिंपल्यांत बाप आपलं कडं
मुलाच्या हाती ठेवतो, फक्त मुलाच्या,
आणि मुलगा ते जपतो त्याच्या मुलासाठी.
अंगभर आई, आणि तेवढ्या एका जागी बाप.
लेकीला वाटा नाही.

हे मी सुंदराबायला सांगितलं, वेसाव्याच्या बाजारात.
ती ओल्या गोणपाटावर दोनशेचे वाटे लावत होती.
माझ्या नावापुढे आईचं नाव येतं, हे तिला माहीत आहे.
कधी विचारलं नाही.
आताही नाही. नुसती हसली.
"म्हंजे सातबाराच की.
पोराला जमीन, पोरीला आयशीचं नाक."

मग कोयती पुसली.
मूठ शिसवी, झिजून मधे कंबर पडलेली.
"ही माजे सासूची. तिला तिचे सासूनं दिली.
आता प्रणाली घेल, सून. पोरगा टॅक्सी चालवतं."

मी मनात हिशेब मांडला.
भाटीची, मनोरीची, मढची, आणि ही प्रणाली डहाणूची.
चौघींत रक्ताचा धागा नाही,
चार वेगळी कडी,
आणि लाकडावर अंगठ्याचा खळगा एकच,
चौघींनी एकाच जागी खोल केलेला.
हे कुठल्या जेलवर धावणार?
तिथे बोट ठेवून पाहिलं.
माझा अंगठा डावीकडे घसरला.

पुढच्या महिन्याच्या वीस मागितल्या.
"आधीच्यांचं उरलेलं मास काय केलास गो?"
फ्रीजरमधल्या वीस नळ्या,
प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नंबर, तारीख, मार्वे.
मी काही बोलले नाही.

तिने वीस मोजल्या. पिशवीला गाठ मारली.
मग गाठ सोडली,
वाट्यातून ओंजळभर उचलून वर टाकल्या.

"ह्या मशीनला नाय."