निवसर ते आडवली, पडद्यावर

वेदांगच्या रुळांना गंज नाही.
पहिली खोट ही. बोललो नाही.
पोराने तीन महिने पैसे साठवून खेळ घेतला,
त्यात आपला मार्ग आहे म्हणून
मला हाताला धरून आणलं, खुर्ची दिली,
पाठीला उशी दिली.

भोंगा मात्र खरा.
जुन्या डिझेल इंजिनाचा, घसा बसलेला,
बोगद्याच्या तोंडाशी फुटायचा तस्साच.
कोणीतरी इथवर आला असणार,
यंत्र घेऊन मोरीवर बसला असणार दिवसभर.
त्याला कोणी चहा तरी विचारला का?

वळणंही खरी.
आडवलीच्या अलीकडे गाडी डाव्या कुशीवर होते,
तिथे मी खुर्चीत डावीकडे कललो
आणि पोरगा हसला.
चढाला इंजिन कण्हतं,
उताराला ब्रेक उशिरा धरला की मागचे डबे ढकलतात.
ज्याने हे बसवलं त्याला हिशेब कळतो.

पण माड एकच.
तोच वाकडा शेंडा, तोच तिसरा झाप मोडलेला,
मोजता मोजता दोनशेवर सोडून दिलं.
कातळ बाराही महिने हिरवा.
आणि फलाटावर तीनच माणसं:
लाल साडीची बाई निवसरला बसली,
तीच आडवलीला उभी, तीच पुढे विलवड्याला.
"मावशी फिरतीवर असते," वेदांग म्हणाला.

क्रॉसिंगला कोणी ताटकळत नाही.
एकेरी लाईन, समोरची गाडी येईस्तोवर
पॅसेंजर तासभर बाजूला उभी,
माणसं उतरून करवंदं काढायची,
गार्ड हाका मारायचा नावानिशी.
इथे कळ दाबली की तास संपतो.
बोगद्यात गारठा नाही, ओल्या दगडाचा वास नाही,
त्याला बिचारा खेळ काय करणार.

पावसाची एक पट्टी आहे. शून्य ते दहा.
त्याने दहावर नेली.
काच धूसर झाली, वायपर हलला, देखणं दिसलं.
डोंगर जागचा हलला नाही.
कटिंगमधून एक खडा घरंगळला नाही.

म्हटलं, इथे माणूस पाहिजे.
"कुठे?"
त्या किलोमीटरच्या दगडापाशी. रात्रीचा.
रेनकोट, खांद्याला पिशवी, पिशवीत फटाके,
हातात तीन रंगांची बत्ती.
"कोण?"
विश्राम पाष्टे.
निवसरकडून मी निघायचो, आडवलीकडून तो,
मध्ये कुठेतरी गाठ पडायची,
त्याच्या वहीत माझी सही, माझ्या वहीत त्याची,
आणि पाठी फिरून आपापल्या वाटेने.
बावीस पावसाळे. बोलणं फार झालं नाही.

वेदांग खेळाच्या पोटात शिरला.
फलाटावरच्या तिघांतला टोपीवाला उचलला,
दगडापाशी रोवला, हातात लाल ठिपका दिला.
विश्राम इतका गोरा नव्हता.
चालेल, म्हटलं.

मग गाडी माझ्या हाती.
रात्र, पाऊस दहा, वेग पंच्याहत्तर.
वळण. डावी कूस.
लाल.
"थांबू नका आजोबा, सिग्नल हिरवा आहे,
ते नुसतं चित्र, गाडी त्याच्यातून जाते..."

हात आधीच गेला होता.
त्याच्या दोन खांब अलीकडे उभी राहिली गाडी,
सगळे डबे एकमेकांवर रेलून.

पडद्यावर अक्षरं उमटली:
विनाकारण थांबलात. चाळीस गुण वजा.

"बघा, सांगितलं होतं," वेदांग म्हणाला,
मग गप्प झाला, मग विचारलं, "पुढे नेऊ?"
इंजिन धडधडत होतं. पाऊस सारखाच पडत होता,
दहा, दहा, दहा.

म्हटलं, नेशील. आधी एक बघ.
ती बत्ती फार स्थिर आहे रे.
विश्रामच्या हाताला कंप होता,
लांबून आम्ही त्यावरूनच ओळखायचो.
तेवढं नीट करता येतं का?