बत्तीसास एक

मास्टरटनच्या स्काउट हॉलमध्ये
जुलैच्या पहिल्या मंगळवारी,
हीटर धड चालत नसताना,
आम्ही अकरा जण चिठ्ठ्या लिहितो.
यंदा दहा.
चिठ्ठ्या कुठल्याही कंपनीकडे जात नाहीत.
बिस्किटांच्या डब्यात पडतात, डबा कपाटात,
कपाटाची किल्ली मर्विनच्या खिशात.

नियम एकच : बत्तीसास एक.
त्याहून लहान विमान मागणाऱ्याला मर्विन म्हणतो,
"मग टपालाची तिकिटंच जमव ना."

हेमीला दुपंखी व्हिल्डबीस्ट हवं,
तारांसकट,
आणि तारा ओवायला दुसऱ्या कुणाची तरी नजर.
मर्विनला काहीही चालेल,
फक्त दोन अर्धुकं जुळतात तिथे फट नको.
चाळीस वर्षं पुट्टी घासतोय बिचारा,
बोटांचे ठसे गेले म्हणतो.
डेसला सदर्लंड हवं होतं.
पाण्यावर उतरणारं, चार इंजिनांचं,
पोटात स्वयंपाकघर असलेलं.
दर वर्षी तेच, त्याच निळ्या शाईत.
"एक मीटर सात सेंटिमीटर पंख!" नोएलिन म्हणायची,
"ठेवशील कुठे? माझ्या डोक्यावर?"

माझ्या चिठ्ठीला आता कुणी हसत नाही.
पहिल्या वर्षी हसले होते.
मला फ्लेचर हवं.
माझं फ्लेचर कधी कुणावर गोळी झाडायला गेलं नाही,
डोंगरउतारांवर खत सांडत फिरलं
मेंढ्यांच्या गवतासाठी,
दिवसाला साठ-साठ फेऱ्या,
अशा धावपट्टीवरून, जिचं एक टोक सरळ दरीत.
कोण काढणार त्याचा साचा?
खोक्यावर चित्र तरी कसलं छापतील?
मेंढरं आणि पांढरी धूळ?

वडील लोडर चालवायचे.
विमान थांबायचं नाही, नुसता दम खायचं,
तेवढ्यात बादली वर नेऊन
त्याच्या पाठीत जवळजवळ टनभर खत ओतायचं
आणि बाजूला व्हायचं.
घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या.
मला वाटायचं, माणूस रोज संध्याकाळी म्हातारा होतो
आणि आंघोळ केली की परत तरुण.

मे महिन्यात डेस गेला.
नोएलिननं आम्हाला गॅरेजमध्ये बोलावलं.
"न्या काय हवं ते."
त्रेसष्ट खोकी.
निम्म्यांचा कागदही फाडलेला नाही.
आणि भिंतीवर एक फळी,
कडा घासलेली, रंगवलेली, खाली तीन ब्रॅकेट.
रिकामी.
हेमीनं खिशातून टेप काढला, लावला.
एकशे दहा.
म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर, बोटं घालायला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
यानं पाय जन्मायच्या आधीच
अंथरूण घालून ठेवलं होतं.
"मला वाटलं, कुंड्यांसाठी केलीय,"
नोएलिन म्हणाली,
"मी ठेवल्या की तो न बोलता उतरवायचा."
त्या दिवशी आम्ही कुणीच काही नेलं नाही.
मर्विननं एक खोकं नेलं.
शुक्रवारी परत आणून ठेवलं.

घरी येऊन मी टेबलावर हात पसरला.
थरथरतो.
फ्लेचरला चाळीस सेंटिमीटर पुरे,
खिडकीत तेवढी जागा आहे.
पण रिव्हेटच्या त्या रांगा, ती काच,
छे, बाजारात तुरी.
उद्या टपालानं आलंच, तरी जोडीन असं नाही.
झाकण उघडीन.
तो प्लास्टिकचा नवा वास येऊ देईन.
राखाडी चौकटी एकेक उजेडात धरीन
आणि होत्या तशा परत ठेवीन,
खालची खाली, वरची वर.

तरी यंदा चिठ्ठीत दोन-चार ओळी वाढवल्या :
वैमानिक नसला तरी चालेल.
सोबत लोडर द्या,
आणि एक माणूस, साडेपाच सेंटिमीटरचा,
टोपी मागे सरकवलेला,
वर बघणारा.
रंगाची काळजी नको.
भुवया माझ्याकडे आहेत.