चौदा आणे

चार इंची एल्बो, दहा एस, तीनशे सोळा एल.
कागदावर भिंतीची जाडी तीन पूर्णांक शून्य पाच.
यावलचा रमजान तडवी नवीन होता तेव्हा विचारायचा,
ताई, वाकवल्यावरही तेवढीच राहते का?

नाही राहत.
नळी वाकते तेव्हा पोटाकडे पोलाद गोळा होतं
आणि पाठ ताणून ताणून पातळ होते.
मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असणार,
त्यांनीही कधी काही वाकवलं असेल.
म्हणून लिहून ठेवलंय :
साडेबारा टक्के कमी चालेल.
म्हणजे रुपयात दोन आणे.

सोळा आणे कुणी मागतच नाही.
चौदा मागतात.
चौदा मात्र मोजून घेतात.

मे महिना. जळगाव एमआयडीसीत आमच्या शेडचे पत्रे
दुपारी दोनला टणटण वाजतात, वर काहीही न पडता.
प्रत्येक फिटिंगवर हीट नंबर ठोकलेला असतो,
कुठल्या भट्टीचं, कुठल्या ओतीचं पोलाद ते कळावं म्हणून.
झुंबर म्हणतो, आम्हालाही एकेक ठोका.

रमजान टोकं तासतो. साडेसदतीस अंश,
नाकावर दीडेक मिलिमीटर सपाट सोडून.
त्याला कोनमापक लागत नाही.
मी तरी लावते. तो रागावत नाही.
मग एल्बो आणि पाइप
एकावर एक नाही, एकात एक नाही,
तोंडाला तोंड.

त्या दिवशी शिरपूरकडच्या डेअरीचा ट्रक दारात,
चाळीस एल्बो न्यायला.
एकोणचाळीस पास.
चाळिसाव्याच्या पाठीवर मी जेल लावलं, मीटर टेकवला :
दोन पूर्णांक एकसष्ट.
पुसून पुन्हा. एकसष्ट.
हवे होते सदुसष्ट.
जुन्या हिशेबाने तेरा आणे, पावणेतीन पैसे.

अत्तरदे शेठ वाईट नाहीत.
उन्हाळाभर सगळ्यांना दोनदा मठ्ठा पाजतात.
ते म्हणाले, भंगाळे मॅडम, केसाएवढा फरक.
मी म्हटलं, हो. केसाएवढाच.
मग आम्ही दोघंही त्या एल्बोकडे बघत राहिलो.
बाहेर ड्रायव्हरने उगाच एकदा हॉर्न दिला.

पारोळ्याचा झुंबर हळूच म्हणाला,
मझार कोन देखस?

रमजान हसला.
तो दिवसभर मझारच देखतो.
आतून आर्गॉन नीट फिरला नाही
तर सांध्याच्या पोटात काळी साखर धरते.
बाहेरून मोरपंखी, आत खरखर.
तिथे दूध थांबतं. थांबलेलं दूध काय करतं
ते झुंबरला सांगावं लागलं नाही,
त्याच्या घरी दोन म्हशी आहेत.

मी लाल रंगाने फुली मारली.
शेठ केबिनमध्ये गेले. दार आपटलं नाही,
पण नेहमीसारखं लावलंही नाही.

ट्रक एकोणचाळीस घेऊन गेला.
चाळिसावा नवा केला, रात्री नऊपर्यंत बसून,
पाठीवर दोन पूर्णांक एक्क्याऐंशी.
सकाळच्या एसटीने झुंबरच्या मांडीवर शिरपूरला गेला,
अर्धं तिकीट मागितलं म्हणे कंडक्टरने.

आणि फुलीवाला?
रमजानने मागून घेतला.
पिण्याच्या पाण्याच्या टाकीला तोंड हवंच होतं.
त्याने तो तिथे जोडला, आतून आर्गॉन सोडून,
टॉर्चने दोनदा बघून, जणू डेअरीचाच.
मी म्हटलं, अरे, पाण्याच्या टाकीला कोण एवढं करतं?
तो म्हणाला, पाणी तुम्हीच पिणार ना.

लाल फुली अजून आहे. हीट नंबरही वाचता येतो.
झुंबर पाणी पिताना त्याच्या पाठीवरून बोट फिरवतो.
काही कळत नाही ताई, म्हणतो,
बाकीच्यांसारखाच लागतो हाताला.

हाताला कळलं असतं, मी म्हणते,
तर मला इथे कोणी ठेवलं असतं?
तो ओंजळ धरतो.
पाणी वाकून येतं.