एक वीत आणि वर एक बोट

शाळा सुटल्यावर एदुविना फळा पुसते,
बाकांखालचं च्युइंगगम सुरीने खरवडते
आणि झाडू टेकवून भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहते.
डाव्या हाताला सान्तियागो, उजव्या काठावर ऑकलंड.
निळ्या दोऱ्याने तिने एकदा मोजलं होतं:
अटलांटिक, आफ्रिकेचं टोक, ऑस्ट्रेलियाचं पोट,
सव्वादोन हात.
"एवढ्या लांबून," ती म्हणाली, "लेआन्द्रो जेवायला कसा येणार?"

मी या शाळेत एकोणीस वर्षं भूगोल शिकवतो.
कपाटावरून पृथ्वीगोल उतरवला, धूळ फुंकली,
आणि फिरवून ती बाजू तिच्यापुढे धरली
जिच्यावर मी परीक्षेत प्रश्न काढत नाही.
नुसतं पाणी.
तिने अंगठा घरावर ठेवला, करंगळी ताणली.
एक वीत. आणि वर एक बोट.

"नऊ हजार सहाशे सत्तर किलोमीटर," मी म्हणालो, "अकरा तास."
आकड्यांकडे तिने लक्ष दिलं नाही.
"मध्ये कोण राहतं?"
कुणी नाही.
"एखादा दिवा?"
दिवाही नाही.
ती बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिली,
मग ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून घेतला.

तिकीट वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली:
रविवारी संध्याकाळी सहाला निघणार,
रविवारीच दुपारी एकला पोचणार.
"निघण्याआधीच? शाळेत असताना तर कधी वेळेवर उठला नाही."
मी एक संत्रं हातात घेऊन वाररेषा समजावली.
ते तिने सोललं, अर्धं मला दिलं.

तो आला. सहा वर्षांनी, बोटांत दुधाचा वास मुरलेला.
तीन आठवडे राहिला, त्यातला एक झोपण्यात गेला.
परतीच्या तिकिटाचं मात्र तिने स्वतःहून विचारलं.
शनिवारी रात्री अकराला उड्डाण,
तेरा तास, कारण वारा समोरून,
आणि उतरायचं सोमवारी पहाटे चारला,
गाई गोठ्यात रांगेने उभ्या राहतात तेव्हा.
ती बोटांवर मोजत होती. शनिवार. सोमवार.
"माझ्याकडे रविवार असेल, त्याच्याकडे नसेल.
मग त्या दिवशी मी त्याची आठवण काढली
तर ती जाईल कुठे?"

एकोणीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं.
मी उठून खिडक्या लावल्या.
एक आधीच लावलेली होती, तीही पुन्हा लावली.

विमानतळावर मीच गाडीने सोडायला गेलो.
दाराशी तो कोट चढवताना थांबला.
"आई, काळ्या कोटाला निळा दोरा?"
"हाताशी तोच होता," ती म्हणाली,
आणि बटण ओढून बघितलं,
घट्ट आहे ना ते.