प्रेशर

पाचपावलीत मे महिना, रात्रीचे अकरा वाजून गेलेत.
कूलरच्या टाकीत दोन बकेटी ओतून
मी परत स्क्रीनसमोर.
दुकान विचारतं, तुमच्या खेळाला टॅग लावा.
वीस जागा आहेत.

तीन वर्षं मी आणि फैजाननं एक माणूस घडवला.
पहाटे चारला सायकलवर निघतो,
खांद्यावर टीच्या आकाराची लोखंडी चावी.
गल्लीतल्या झाकणाशी थांबतो, चावी खाली सोडतो,
अंग टाकून फिरवतो.
कुठे वीस मिनिटं पाणी, कुठे बारा.
एवढाच खेळ.
कोणी मरत नाही. एक कुत्रं तेवढं मागे मागे येतं.

आता याला म्हणावं काय?

फैजान मोमिनपुऱ्यातून फोनवर सांगतो:
‘इंडी’ टाक, ‘साहस’ टाक, ‘अ‍ॅक्शन’ टाक,
‘ओपन वर्ल्ड’ पण टाक, सायकल फिरते ना सगळीकडे.
मी टाकते.
दुकान लगेच आमचे शेजारी दाखवतं:
तलवारी, ड्रॅगन, एक जळतं शहर,
आणि मधोमध आमचे हाफ शर्टातले काका,
चुकून दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे.

एकेक काढत जाते.
‘इंडी’ म्हणजे बाजारात उभं राहून
नुसतं ‘भाजी द्या’ म्हणणं.
‘आरामदायी’पाशी मात्र हात थांबतो.
संगीत संथ आहे, खरंय.
पण सातव्या पातळीवर एक बाई
पिवळी बकेट घेऊन दारात उभी असते
आणि तुमच्याकडे मिनिटं उरलेली नसतात.
कोणी दिवसभर राबून, चहा घेऊन
जरा टेकायला आलं असेल
तर तिचं तोंड पाहून पैसे परत मागेल.
त्याचं चुकणार नाही.

‘तहान’ शोधून पाहिलं.
असा टॅग नाही.
दुकानानं सुचवलं, ‘टिकून राहणं’.
बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले.
नको. त्या शब्दाखाली लोक कुऱ्हाडीनं झाडं तोडतात.

बाहेर ओट्यावर नत्थूजी बारापात्रे, पेपरनं वारा घेत.
एकतीस वर्षं चावी फिरवली, आता झोप येत नाही.
खेळातला खडखडाट त्यांच्याच चावीचा.
“काय करून राहिली वं एवढ्या राती?”
मी सांगते: शब्द निवडते आहे, काका.
लोक त्या शब्दांवरून येतात.
पहिले चार-पाच ठळक दिसतात, बाकीचे मागे.
“मंग वीसच्या वीस काहाले भरतं?
सारे वॉल्व एकदम खोलशीन
त कोनाच्याच नळाले धार नाही.
नुसती हवा, फुसफुस.
आंधी पाह्य, तहान कोन्या गल्लीत हाय.”

हे वाक्य दुसऱ्या पातळीवर आहे.
मीच त्यांच्याकडून घेतलं होतं,
मीच टाइप केलं,
खेळणाऱ्याला सूचना म्हणून.

मग ‘कोडं’ सगळ्यात वर.
त्याखाली ‘व्यवस्थापन’, ‘भावनिक’, ‘शहर’,
आणि घाबरत घाबरत ‘अवघड निर्णय’.
शेजारी बदलले:
एक दीपगृहाचा राखणदार,
टपाल निवडणारी म्हातारी,
रात्रपाळीत रूळ जोडणारं कोणी.
काका त्यांच्यात सायकल टेकवून उभे.
बरे दिसतात.

“नऊच?” फैजान विचारतो. “अकरा रिकाम्या?”
असू दे.
तो काही बोलत नाही. मग म्हणतो,
कुत्र्यासाठी एक टाक ना यार.
टाकते. दहा.

पहाटे गल्लीत झाकण वाजतं.
कंत्राटी पोरगा, कानात इअरफोन.
चावी फिरते, नळ आधी खोकतो.
नत्थूजी अंधारातच घड्याळ डोळ्यांजवळ नेतात.
“सात मिनिटं लेट,” म्हणतात,
अन् बकेट लावायला उठतात.