पट्टा

एप्रिलात वेअरहॅमच्या माळावर
गॉर्सच्या पिवळ्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो.
पहिल्या वर्षी वाटलं, मलाच येतो.
शेजारची ग्वेन म्हणाली, छे, सगळ्यांनाच.

त्या वासात नाक खुपसून पावटा उभा होता
आणि एकदम मागे उडाला,
चुलीतला निखारा चाटल्यासारखा.
केकाटला एकदाच.
मग माझ्याकडे बघितलं त्यानं,
मीच काहीतरी केलं असावं तसं.

वाळल्या नेच्यातून ती निघून गेली.
घाई नव्हती तिला.
पाठीवर काळी नागमोडी रेघ.
इथे तिला अ‍ॅडर म्हणतात.
माझ्या तोंडून निघालं, फुरसं.
अठ्ठेचाळीस वर्षं तोंडात न घेतलेला शब्द.

बाबल नऊ वर्षांचा होता.
गडग्यावर हात टेकून कलमावर चढत होता,
जांभ्या दगडांच्या फटीत ते होतं.
सुंभानं दंड आवळला, बोटं निळी होईतो.
वस्तऱ्यानं चीर दिली.
कुणी कोंबडी धरून आणली, कुणी मिरची चाखवली,
तिखट लागते का रे, लागते का?
लागते, म्हणाला तो. सगळे हसलेसुद्धा.
सगळ्यांनी काही ना काही केलं.
दवाखाना खाडीपलीकडे सात मैल.
होडी तेवढी कुणी सोडली नाही.

माळावर एकच रेघ होती मोबाईलला.
हॅलो, प्रतिविष आहे का तुमच्याकडे?
नसेल तर कुणाकडे, ते सांगा.
पलीकडचा मुलगा विशीतला असावा,
आवाज मात्र सकाळच्या चहासारखा स्थिर.
आहे, म्हणाला. चालवू नका त्याला, उचलून आणा.
चोळू नका. बर्फ नको.
चिरू नका, चोखू नका,
बांधू तर काहीच नका.
मग करू काय?
या, म्हणाला. निघा.
आणि हो, तोंड सुजेल. गळ्यातला पट्टा काढून टाका.

बोटं थरथरत होती. बकल अडलं होतं
पाच वर्षांच्या गंजानं, केसांनी, माझ्या आळसानं.
निघालं.
पावट्यानं मान सैल सोडली माझ्या मनगटावर
आणि मला, देवा, सुंभाची ती गाठ दिसली,
जी सोडायला मी गेले होते
आणि मोठ्यांनी माझा हात झटकला होता.

एकवीस किलोचा कुत्रा, बासष्ट वर्षांचे गुडघे.
रेनकोटची झोळी केली.
सायकलवरून उतरलेला एक पोरगा
बोलला काही नाही, मागची दोन टोकं धरून
गाडीपर्यंत चालत आला.
नाव विचारायचं राहिलंच.
वाटेत मी पावट्याशी मालवणीत बोलत होते,
इंग्रजीतच वाढलेल्या कुत्र्याशी.
गप रव रे बाबल्या, इलो दवाखानो.
चूक माझ्या लक्षात आली ती रोवेनाच्या चौकात.
दुरुस्त केली नाही.

दोन रात्री तो सलाईनवर होता.
तोंड एका बाजूनं पपनसाएवढं,
त्यातून एक डोळा, किलकिला, मला शोधणारा.
डॉक्टर पेनरोझ म्हणाल्या, वेळेवर आणलंत.
एवढंच म्हणाल्या. मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले
आणि बराच वेळ उठले नाही.
त्यांना वाटलं, बिल बघून.

ग्वेननं सांगितलं, तिला मारणं गुन्हा आहे हं, कायदाच आहे.
माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू?
पण ती ऊन खात पडली होती,
हिवाळाभराची उपाशी. नाक आमचं पुढे आलं.

जूनमध्ये पुन्हा गेलो माळावर.
पावटा दोरीला, वाटेच्या मधोमध.
हातात ग्वेनच्या नवऱ्याची जुनी काठी.
साप साप म्हणून भुई धोपटू नये, म्हणायची आई.
मी धोपटते. प्रत्येक पावलाला, दाणदाण,
लोक वळून बघतात.
जा बाई, आम्ही येतोय. आधीच सांगतेय.

पट्टा नवा घेतला आहे.
दोन बोटं सहज आत जातात.
रोज घालून बघते.