पोटऱ्यो दुखतत

ओरोसच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
माझं काम साडेनऊला सुरू होतं:
काल रात्री जिल्ह्याने
मोबाइलला काय काय विचारलं ते बघायचं.

नावं दिसत नाहीत, घरं दिसत नाहीत.
दिसते तालुक्यामागे एक निळी रेष,
ओहोटीच्या खाडीसारखी
बहुतेक दिवस पसरून पडलेली.
एकट्याचा ताप इथे दिसत नाही,
पुरेशा लोकांना यावा लागतो.

भात लावून झालं की ती हलते.
थंडी वाजून ताप. डोळे लाल. लघवी पिवळी.
'औशद', 'लेपटो', 'काविळ का ही'
(तापात शुद्धलेखन कोण बघतो).
बरेच जण पहाटे तीनला विचारतात.
डॉक्टरला सांगायची लाज वाटते
ते काचेला सांगता येतं.

मागच्या वर्षी एक शब्द वर आला, पोटऱ्यो.
यंत्र म्हणालं, तुम्हाला 'पोटऱ्या' म्हणायचं होतं का?
नव्हतं रे बाबा.
लावणीनंतर दुखतात त्या पोटऱ्या.
या पोटऱ्यो, चादर घासली तरी बोंब मारायला लावणाऱ्या.
मी तो शब्द यादीत घातला.
साटम साहेब म्हणाले, सरकारी यादीत बोलीभाषा कशाला?
मी म्हटलं, साहेब, ताप काय प्रमाण मराठीत येतो?
हे मनात.
तोंडाने म्हटलं, बरं.

मग जुलैत जीप फिरली, भोंगा लावून,
आणि अख्ख्या मालवणने एका दुपारी
लेप्टो म्हणजे काय ते विचारलं.
रेष छपराला लागली.
तो ताप नव्हता, धास्ती होती.
तीही मोजली आम्ही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रेष जमिनीला टेकली.
साहेबांनी शेरा मारला: निरंक.

त्याच आठवड्यात भांडुपमधून
कुणीतरी पोटऱ्यो विचारत होतं.
मग विक्रोळीतून. मग नालासोपाऱ्यातून.
जिल्ह्याबाहेरचं धरायचं नाही, असा नियम.
मी दोन दिवस नुसतं बघितलं.
तुंबलेल्या पाण्यातून तिथेही होतो लेप्टो, मान्य.
पण पोटऱ्यांच्या मागोमाग
'चिखल्यांवर काय लावायचं' असं
भांडुपात कोण विचारतं?

तिसऱ्या दिवशी, डबा उघडताना, कळलं.
ताप आचऱ्याला आहे.
फोन भांडुपला आहे.
बटणांच्या फोनवरून म्हातारा सांगतो,
'काय नाय रे, पोटऱ्यो दुखतत वायच,'
आणि लेक, रात्रपाळीत, मशीन बंद करून,
बापाचा शब्द तसाच्या तसा टाइप करतो.

मी कांदळगावकर आशाताईंना फोन लावला.
'अगो, वरल्या वाडीत सात जणां आडवी पडलीत.
वयेत लिवलंय मी सगळा.
वही ओरोसाक पोचाक आठवडो लागता.
तुमची ती काच माका खय इचारता?'

डबा तसाच राहिला.
संध्याकाळी गोळ्या रिक्षातून गेल्या,
रात्री रुग्णवाहिका.
सातातले सहा उठले.

साहेबांनी नियम बदलायचं पत्र वर पाठवलंय.
वही अजून आठवड्यानेच येते.
मी सकाळी आता आधी भांडुप बघते, मग मालवण.

सातव्याचं नाव मी विचारलं नाही.
त्याच्या लेकाने त्या रात्री जे शोधलं
ते माझ्या पडद्यावर आलं नाही, येणारही नाही,
एकट्याचा प्रश्न होता.
तरी मला तो पाठ आहे:
कणकवली, आजची, शेवटची गाडी.